सोलापूरचे ऊन कोलोरॅडोत मिळते
महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीच्या जागा २०० वर आणल्याचा विषय निघाला. ही मुले पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत, असा सवाल तेव्हा सत्ताधारी बाकांवरून आला. पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त झाली, त्यामुळे ते प्रकरण उकरून काढण्यात अर्थ नाही. पण तो सवाल काही सभागृहात जन्मलेला नव्हता. पंचविशीतला इंजिनियर मुलगा किंवा मुलगी हातातली नोकरी सोडून ऊर्जेत पीएचडी करायची म्हणाली, की वडील, मामा आणि शेजारचे काका हेच विचारतात. निदान ऊर्जेच्या बाबतीत त्याचे उत्तर सरळ देता येते.

फलटणला अनिल राजवंशी राहतात. कानपूरच्या आयआयटीतून ते अमेरिकेत गेले, १९७९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि १९८१ मध्ये थेट सातारा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी, निंबकर कृषी संशोधन संस्थेत येऊन बसले. खेड्यातल्या अंधाराचा विचार त्यांनी इंजिनियरच्या नजरेने केला. ज्योत कशी जळते, जाळी उजेड कशी देते, इंधन वाया कुठे जाते हे तपासत त्यांच्या संस्थेने ‘नूरी’ नावाचा कंदील तयार केला. उसाचे पाचट जाळून वायू करणारी भट्टी, गोड ज्वारीपासून अल्कोहोल, विजेवर चालणारी सायकलरिक्षा ही सगळी कामे त्याच आवारातली. रिक्षा तर ‘ई-रिक्षा’ हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याआधीची. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण पवईचे. बेल्जियममध्ये सौर सेलवर डॉक्टरेट करून आलेले चेतनसिंह सोलंकी आणि त्यांचे आयआयटी मुंबईतले सहकारी यांनी २०१४ मध्ये दहा लाख सौर दिवे शाळकरी मुलांपर्यंत पोहोचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रासह चार राज्यांत तो राबवला गेला. दिवे गावातल्याच लोकांनी जोडायचे, विकायचे आणि दुरुस्तही करायचे, अशी त्याची रचना होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. त्या दिव्यांतला पांढरा एलईडी ज्या निळ्या एलईडीवर उभा आहे, तो चमकदार करून बाजारात आणणारे शुजी नाकामुरा त्या वेळी पीएचडी नव्हते. १९८८ मध्ये कंपनीने त्यांना वर्षभरासाठी फ्लोरिडा विद्यापीठातच धाडले, आणि तिथल्या पीएचडीच्या मुलांनी आपल्याला तंत्रज्ञासारखे वागवले ही सल त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. डॉक्टरेट त्यांना १९९४ मध्ये मिळाली, शोध त्याआधीचा. मात्र २०१४ चे नोबेल त्यांच्याबरोबर वाटून घेणारे हिरोशी अमानो हे नागोयात प्राध्यापक अकासाकींच्या हाताखाली विद्यार्थी असतानाच गॅलियम नायट्राइडचे उच्च दर्जाचे स्फटिक वाढवू शकले होते. पदवीने बुद्धी येत नाही, हे खरेच. पण एका अवघड प्रश्नाला चार-पाच वर्षे चिकटून बसायची सवड आणि साधने पदवीच्या निमित्तानेच मिळतात.

दिवे मात्र या विषयाचा अगदी लहान कोपरा आहेत. आज राज्यातल्या गायरानांवर जी निळीकाळी पॅनेले दिसतात, त्यांची वंशावळ पाहावी.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८९ मध्ये ‘पर्क’ रचनेचा सौर सेल जाहीर केला. सेलच्या पाठीवर एक पातळ थर द्यायचा, म्हणजे मागे निसटणारे इलेक्ट्रॉन वाया जात नाहीत आणि आरपार जाऊ पाहणारा प्रकाश परत फिरतो. कार्यक्षमता २२.८ टक्के भरली. त्याच प्रयोगशाळेत चीनहून आलेले शी झेंगरोंग १९९२ मध्ये पीएचडी झाले. २००१ मध्ये त्यांनी वुशी शहरात सनटेक ही कंपनी काढली आणि २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. २०१३ मध्ये ती दिवाळखोरीतही निघाली, पण तोवर चीनमध्ये सौर पॅनेलांचा अख्खा उद्योग उभा राहिला होता. ‘पर्क’ला कारखान्यांत बहुमत मिळायला प्रयोगशाळेतल्या त्या दिवसापासून जवळजवळ तीस वर्षे लागली. भारताने गेल्या काही वर्षांत पॅनेल जोडण्याचे कारखाने भराभर उभारले, पण त्यांच्या आतले सेल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत राहिले. तीस वर्षांपूर्वी कोणाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा मिळाली आणि कोणाच्या मिळाली नाही, त्याचा हिशोब आता आयातीच्या बिलात दिसतो.

आता महाराष्ट्राकडे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्याची धुरा आपल्याकडेच होती, आणि आज ऊर्जा खातेही आपल्याकडे आहे. म्हणूनच हे पत्र उच्च शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून सुरुवात झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटपर्यंत गेले. कल्पना चांगली आहे. शेतीचा फीडर ज्या उपकेंद्रातून निघतो त्याच्या जवळच काही मेगावॉटचा सौर प्रकल्प बसवायचा, वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या आणि बिबट्याच्या धाकात दारे धरणाऱ्या माणसाला या योजनेचे मोल कोणी समजावून सांगायला नको.

पण जगात फार कमी ठिकाणी शेतीची वीज या पद्धतीने आणि या प्रमाणावर बदलली गेली आहे. त्यामुळे तिच्यातल्या प्रश्नांची उत्तरे कुठल्या पाठ्यपुस्तकात तयार नाहीत.

जुलैचे उदाहरण घ्या. झड लागते, आठवडाभर एकही मोटर चालत नाही. मग मध्येच दोन दिवस लख्ख ऊन पडते. प्रकल्प पूर्ण जोमात वीज तयार करतो आणि फीडरवर घेणारे कोणी नाही. ती वीज उपकेंद्रातून उलटी ३३ केव्हीच्या लाइनीवर चढते. आपली उपकेंद्रे वीज वरून खाली येईल असे धरून बांधलेली आहेत. अशा दिवशी व्होल्टेज किती वर जाते, ट्रान्सफॉर्मरवर काय परिणाम होतो, संरक्षणाचे रिले फसतात का? एका जिल्ह्यातले वीस फीडर तीन पावसाळे मोजले, तर त्यातून एक दणदणीत प्रबंध होईल आणि महावितरणला कोट्यवधींच्या खरेदीआधी शहाणपण मिळेल.

किंवा डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, जळण्याचा प्रश्न. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी ‘ऑटो’ बसवतात. थ्री फेज आली की पंचवीस मोटरी एका दमात उठतात, व्होल्टेज कोसळते, मोटरी जास्त करंट ओढतात आणि डीपी जाते. मग ऐन हंगामात ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पिकाकडे बघत बसायचे. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आहे. शेतकरी ऐकत नाहीत, कारण फेज कधी येईल याचा त्यांना भरवसा नसतो. हा प्रश्न निम्मा विद्युत अभियांत्रिकीचा आणि निम्मा माणसांच्या वागण्याचा आहे. दिवसा खात्रीची वीज मिळू लागल्यावर लोक ऑटो काढतात का, हे कोणीतरी बांधावर जाऊन, मीटर लावून, दोन-तीन वर्षे बघायला नको का?

उन्हाचेही तसेच. सिलिकॉन पॅनेलाची शक्ती पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का घटते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर भर दुपारी दहा-पंधरा टक्के शक्ती तशीच गेली. ही घट संध्याकाळी भरून निघते. कायमची झीज मात्र भरून निघत नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून चालणाऱ्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत केंद्राने २०१३ पासून देशभर फिरून पॅनेलांची पाहणी केली. उष्ण भागात आणि लहान, छपरांवरच्या जागी झीज अधिक, असे त्यांना आढळले. त्या पाहण्यांत उन्हातान्हात उपकरणे घेऊन फिरणाऱ्यांत पीएचडीचेच विद्यार्थी होते. सौर कृषी वाहिनीतले करार २५ वर्षांचे आहेत. विदर्भातले पॅनेल पंधराव्या वर्षी काय देईल, हा प्रश्न त्यामुळे थेट तिजोरीचा होतो.

आणि सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. लाभधारक ४४ लाखांच्या वर आहेत. दिवसा, नेमाने आणि फुकट वीज मिळाल्यावर विहिरींची पातळी कुठे जाईल? गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात याचे एक उत्तर शोधले गेले. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या तुषार शहा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिथे सौर पंपधारकांची सहकारी संस्था उभी करून दिली. उरलेली वीज वीज कंपनीला विकायची. विकता येणाऱ्या विजेचा भाव ठरला की शेतकरी पाणी उपसताना विचार करतो, हा त्यामागचा तर्क. दोन वर्षांत गुजरात सरकारने त्याच धर्तीची ‘सूर्यशक्ती किसान योजना’ आणली. बेसॉल्टच्या खडकात पाणी गुजरातच्या गाळासारखे वागत नाही, त्यामुळे ते उत्तर जसेच्या तसे मराठवाड्यात चालेलच असे नाही. पण आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते, आणि महावितरणच्या फीडरवर मीटर आहेत. ही दोन रजिस्टरे शेजारी ठेवून वाचली, तर निम्मे काम होते.

ती शेजारी ठेवली जात नाहीत, हेच या पत्राचे गाऱ्हाणे आहे.

आज राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठात वीज वितरणावरचे दहा प्रबंध उघडून पाहिले, तर त्यांत एक ओळखीचा पाहुणा वारंवार भेटतो. अमेरिकेतल्या बरान आणि वू या संशोधकांनी १९८९ मध्ये आपल्या लेखासाठी १२.६६ केव्हीचे, ३३ बिंदूंचे एक नमुना जाळे वापरले. तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्याच कागदी फीडरवर नवनवी गणिती तंत्रे लावून तोटा दोन-चार टक्क्यांनी कमी करून दाखवतात. सरावाला ते उत्तमच आहे. पण त्या फीडरवर पाऊस पडत नाही, ऑटो नाहीत, वीजचोरीचे आकडे नाहीत आणि डीपीही जळत नाही. विद्यार्थी आळशी आहेत म्हणून हे होते, असे मुळीच नाही. ११ किंवा २२ केव्हीच्या खऱ्याखुऱ्या फीडरच्या तासागणिक नोंदी कुठेही खुल्या ठेवलेल्या नाहीत. साहेबांची ओळख असेल तर मिळतात, साहेब बदलले की थांबतात. गंमत म्हणजे सोलापूरवर वर्षानुवर्षे तासातासाला किती ऊन पडले, याचे उपग्रहावरून काढलेले आकडे कोलोरॅडोतली अमेरिकेची राष्ट्रीय प्रयोगशाळा कोणालाही फुकट देते. सोलापूरच्या फीडरचे व्होल्टेज मात्र वांद्र्याच्या ‘प्रकाशगडा’तून मिळत नाही.

विजेच्या नोंदी खुल्या केल्याने आकाश कोसळत नाही, हे पुण्याच्या ‘प्रयास’ने दाखवून दिले आहे. घराघरांत प्लगला लावायचे लहानसे यंत्र बसवून त्यांनी देशातल्या शेकडो ठिकाणचे मिनिटामिनिटाचे व्होल्टेज टिपले आणि सगळे आकडे जगासाठी खुले ठेवले. आणि सरकारी खाते व विद्यापीठ यांची सांगड घालण्याचा प्रयोगही राज्याला नवा नाही. ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ २०१६ मध्ये उच्च व तंत्र शिक्षण विभागानेच सुरू केले. आयआयटी मुंबईच्या मदतीने स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या प्रश्नांचा अभ्यास करावा, ही त्याची कल्पना. कागदावर ती आजही तितकीच पक्की आहे. तिला वीज खात्याची दारे मात्र हवी तशी उघडी मिळाली नाहीत.

आता पैशाचे. केंद्राच्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० मिळतात. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू होते, पण ती मोजक्या संस्थांतल्या मोजक्यांसाठी. राज्य विद्यापीठांतल्या मुलांची भिस्त बार्टी, सारथी आणि महाज्योतीवर. पहिली संस्था सामाजिक न्याय विभागाची, दुसरी नियोजनची, तिसरी इतर मागास बहुजन कल्याणची. विद्यापीठ उच्च शिक्षण विभागाचे आणि अभ्यासाचा विषय ऊर्जा विभागाचा. म्हणजे गडचिरोलीत शेती फीडरवर काम करू पाहणारी एक मुलगी मंत्रालयाच्या तीन मजल्यांवर एकाच वेळी उभी असते आणि कुठल्याच मजल्यावर तिचे काम ‘आमचे’ नसते. डिसेंबर २०२३ ची या संस्थांची चाळणी परीक्षाही, जुन्याच सेट परीक्षेचे प्रश्न आल्यामुळे, जानेवारीत पुन्हा घ्यावी लागली. त्याआधी आणि त्यानंतर आझाद मैदानावर संशोधकांची आंदोलने झाली, ती आपल्याला ठाऊकच आहेत.

थकलेल्या पैशाचा परिणाम प्रयोगशास्त्रात सर्वांत वाईट होतो. ग्रंथालयात बसून करायचा अभ्यास दोन महिने थांबला तर पुढे ढकलता येतो. शेतात लावलेला मीटर, बॅटरीचे चार्ज-डिस्चार्जचे चक्र किंवा पावसाळ्याची मोजणी थांबली की ते वर्ष गेले. नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, त्याला रजा आणि निवृत्तिवेतनाचा वाटाही असतो. डेल्फ्टला जाणारी मराठी मुले केवळ तिथल्या प्रयोगशाळांसाठी जात नाहीत. महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे येतात, हेही एक कारण असते. तेवढा पगार राज्याला लगेच परवडणार नाही. ठरली तारीख परवडायला हरकत नसावी.

राज्य विद्यापीठांच्या बाजूचेही दोष आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी अनिवार्य आहे. त्यामुळे बढतीपुरती पीएचडी करणारे पुष्कळ. ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची, संशोधन सल्लागार समितीसमोर (आरएसी) वर्षाकाठी दोनदा सादरीकरण करायचे, दोन निबंध कुठल्यातरी नियतकालिकात पैसे भरून छापायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत निबंध छापण्याची सक्ती काढली. त्याने थोडा कचरा कमी होईल, प्रश्न चांगले होणार नाहीत. चांगला प्रश्न खऱ्या नोंदी हाताशी आल्यावरच सुचतो.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पांपैकी कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ यांतला प्रत्येकी एक प्रकल्प अभ्यासासाठी जाहीर करावा. त्याच्या उपकेंद्राच्या, फीडरच्या आणि पॅनेलांच्या नोंदी, ग्राहकांची नावे काढून, दर महिन्याला खुल्या कराव्यात. ‘एमएसईबी सोलर ॲग्रो पॉवर’ ही आपलीच कंपनी आहे. विकासकाबरोबरच्या करारात तशी अट घालणे अवघड नसावे. त्या पाच ठिकाणी काम करणाऱ्या संशोधकांची अधिछात्रवृत्ती, मग ती कोणत्याही संस्थेची असो, ऊर्जा विभागाने आपल्या खर्चातून दरमहा आगाऊ द्यावी आणि नंतर त्या त्या विभागाकडून वळती करून घ्यावी. आणि महावितरणच्या दहा तरुण अभियंत्यांना पूर्ण पगारी रजेवर याच विषयांत पीएचडीला बसवावे. बाहेरच्या संशोधकाला लाइनमनचा विश्वास मिळवायला वर्ष लागते, सहायक अभियंत्याला तो पहिल्या चहातच मिळतो. हे दहा जण परत खात्यातच येतील, त्यामुळे प्रबंध कपाटात पडून राहण्याची भीतीही कमी.

पुणे, मुंबई, नागपूर, लोणेरे, छत्रपती संभाजीनगर इथे मार्गदर्शक आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचे तंत्र काशीपूरच्या प्रात्यक्षिक कारखान्यापर्यंत नेले, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी २०२२ मध्ये हायड्रोजनवरची बस रस्त्यावर आणली. क्षमतेची उणीव आहे असे म्हणायला जागा नाही.

सुरुवात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावपासून करता येईल. दुसऱ्या टप्प्यातला पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प तिथलाच. पुढच्या जुलैत तिथल्या उपकेंद्रातून वीज कोणत्या दिशेला आणि किती वाहते हे पहिल्या झडीपासून टिपायचे असेल, तर दोन्ही दिशा मोजणारा मीटर मे महिन्यात बसलेला हवा, आणि तो वाचणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणी त्याच्याही आधी झालेली हवी. त्यासाठी लागणारा शासन निर्णय एका पानाचा आहे. ऊर्जा खात्याच्या सचिवांना तसा मसुदा तयार करायला सांगावा, ही विनंती.

कळावे.